साडेतिनाची खूण

जुन्या भोर संस्थानांत पाली या नांवाचीं निदान दोन गांवें होतीं. एक राजगडाच्या पायथ्याशीं, वेल्हें भागांतलें. गडाचा पाली दरवाजा आजही त्याच्याच नांवानें ओळखला जातो. दुसरें घाटाखालीं, सुधागडाच्या बाजूचें. अष्टविनायकांपैकीं बल्लाळेश्वराचें स्थान म्हणून तें सर्वश्रुत आहे. दोन्ही गांवें पंतसचिवांच्या अमलांतलीं. पुढें १९४८ सालीं संस्थान विलीन झालें तेव्हां एक पुणें जिल्ह्यांत गेलें, दुसरें त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांत. आतां एखाद्या जुन्या कागदावर नुसतें ‘मौजे पाली’ एवढेंच लिहिलेलें असलें, तर तो कागद कोणत्या पालीचा, हें अक्षरांकडे कितीही टक लावून पाहिलें तरी कळावयाचें नाहीं. अक्षरें तींच, वस्तु मात्र निराळी. तालुका पाहावा लागतो, आजूबाजूच्या गांवांचीं नांवें पाहावीं लागतात, आणि मगच उलगडा होतो.

एकच रूप आणि दोन अर्थ हा घोटाळा केवळ गांवांच्या नांवांतच असतो असें नाहीं. आमच्या घरोघरच्या जुन्या वह्यांत एक लहानसें चिन्ह पानोपानीं आढळतें, आणि त्याच्या बाबतींत हाच घोटाळा हल्लीं नव्यानें उत्पन्न झाला आहे. तें चिन्ह म्हणजे ‘अर्धा’ दाखविणाऱ्या दोन उभ्या रेघा. ‘३॥’ असें लिहिलें म्हणजे साडेतीन. आमच्या वडील पिढीस हें सांगण्याची गरज नाहीं. पण ज्या मुलांनीं ‘३.५’ याखेरीज साडेतिनाचें दुसरें रूप पाहिलेलेंच नाहीं, त्यांच्यासाठीं ही पद्धति थोडक्यांत सांगितली पाहिजे.

पूर्णांकापुढें एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यापुढें आडव्या किंवा किंचित् तिरप्या रेघा येतात. त्या पावाच्या चौथ्या हिश्श्याच्या, म्हणजे सोळाव्या भागाच्या. एक आडवी रेघ म्हणजे एक सोळांश, दोन म्हणजे दोन सोळांश अथवा अष्टमांश, तीन म्हणजे तीन सोळांश. चार आडव्या झाल्या कीं त्यांची एक उभी. रुपयाच्या हिशेबांत सोळांश म्हणजेच आणा. म्हणून एक उभी रेघ चार आण्यांची आणि एक आडवी एका आण्याची. तीन उभ्या व तीन आडव्या मिळून पंधरा आणे. फार झालें तर सहा रेघा, आणि एका रुपयांतील कोणतीही आण्यांची रक्कम लिहून होते. हीच पद्धति धान्याच्या मापांस, तोळ्यांस आणि जमिनीच्या हिश्श्यांसही लागू पडे. खंडी वीस मणांची असो, पायली चार शेरांची असो. पाव तो पावच आणि अर्धा तो अर्धाच.

या रेघांमागें मुखानें म्हटलेली विद्या उभी होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे मुलें तिन्हीसांजा परवच्याला म्हणत. औट म्हणजे साडेतीन. हा आंकडा तर मराठी मनाचा मोठा लाडका. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठें साडेतीन, देह औट हातांचा, आणि क्षणभंगुर राज्य असलें तर तें औट घटकेचें. पेशवाईंतले शहाणेही साडेतीनच गणले गेले: सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत चोरघडे हे पूर्ण, व नाना फडणीस अर्धे. ज्या पुरुषाच्या हातीं साऱ्या दौलतीचा हिशेब, त्याच्याच वांट्यास त्या गणनेंत दोन उभ्या रेघा याव्यात, ही मौजच म्हणावयाची!

छापखाना आला तेव्हां या रेघांसाठीं निराळे खिळे पाडण्याची कोणास फारशी गरज वाटली नाहीं. श्लोकाच्या अर्ध्याशीं येणारा एकेरी दंड आणि श्लोकाच्या अखेरीस येणारा दुहेरी दंड हे खिळे जुळाऱ्याच्या घरांत होतेच. तेच पाव आणि अर्धा म्हणूनही चालले. पुस्तकाची किंमत ‘१॥ रुपया’ अशी छापली म्हणजे वाचणारा ती दीड रुपया असेंच वाची. तेथें श्लोक संपला असें कोणासही वाटत नसे. डोळा शहाणा होता, म्हणून खिळा एकच असूनही चालून गेलें. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलोग्रॅम आणि लीटर आले, आणि रेघांचा हा व्यवहार हळूहळू वहींतून उठला. सोळा आण्यांचा रुपया गेला, तरी ‘सोळा आणे खरें’ हा शब्दप्रयोग मागें उरला.

आतां प्रश्न असा येतो कीं, या जुन्या वह्या नव्या यंत्रांत उतरवून घ्यावयाच्या तर या रेघा लिहावयाच्या कशा? संगणकापाशीं डोळा नसतो. त्याच्यापाशीं केवळ आंकडे असतात. आपण पडद्यावर ‘क’ पाहतों तेव्हां यंत्राच्या पोटांत ‘क’ नसतो, एक क्रमांक असतो. आणि तो क्रमांक दिसला कीं अमुक आकृति काढावयाची, एवढें त्यास टंक सांगतो. जगांतील सर्व लिप्यांच्या अक्षरांस असे क्रमांक वांटून देण्याचें काम युनिकोड ही संस्था १९९१ पासून करीत आली आहे. देवनागरी त्या वहींत पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि आपला एकेरी दंड २४०४ व दुहेरी दंड २४०५ या क्रमांकांवर बसला आहे.

हे क्रमांक प्रत्यक्षांत दशमान पद्धतीनें लिहीत नाहींत, षोडशमान पद्धतीनें लिहितात. आणि येथें आमच्या आजोबांस मौज वाटली असती. दशमानांत दहा झाले कीं एक पुढच्या घरांत जातो; षोडशमानांत सोळा झाले कीं जातो. दहा ते पंधरा यांसाठीं एकेरी आंकडा नाहीं, म्हणून त्यांस ए, बी, सी, डी, ई, एफ हीं इंग्रजी अक्षरें दिलीं आहेत. ‘२५’ असें षोडशमानांत लिहिलें तर त्याची किंमत सदतीस. म्हणजे दोन रुपये पांच आण्यांचे सदतीस आणे, तसेंच. यंत्रानें सोळाच कां धरले? कारण त्यास ‘आहे’ आणि ‘नाहीं’ या दोनच गोष्टी कळतात. दोनांची दुप्पट चार, चारांची आठ, आठांची सोळा. आपला रुपयाही तसाच, फक्त उलट दिशेनें चाललेला: त्याची निम्मी अधेली, अधेलीची निम्मी पावली, पावलीची निम्मी चवली, चवलीचा निम्मा आणा. यंत्र दुप्पट करीत सोळांपर्यंत चढतें, आपण निम्मे करीत सोळाव्या भागापर्यंत उतरलों. मुक्कामाचें ठिकाण एकच.

या रेघांस स्वतःचे क्रमांक मिळण्यास मात्र पुष्कळ काळ लागला. अंशुमान पांडे या संशोधकानें २००७ सालीं त्यासंबंधीं प्रस्ताव मांडला, आणि ऑक्टोबर २००९ मध्यें निघालेल्या युनिकोडच्या ५.२ या आवृत्तींत दहा चिन्हांचा एक लहानसा गट दाखल झाला. त्यांत पाव (꠰), अर्धा (꠱) व पाऊण (꠲) यांस अनुक्रमें ए८३०, ए८३१ व ए८३२ हे क्रमांक आहेत; आणि एक, दोन व तीन सोळांशांस (꠳, ꠴, ꠵) ए८३३ पासून ए८३५ पर्यंतचे. बाकीचीं चार चिन्हें रुपया, परिमाण इत्यादि दाखविण्याचीं आहेत. चिन्हांच्या नांवांत ‘उत्तर भारतीय’ असा उल्लेख असला तरी महाराष्ट्राच्या वह्यांतली पद्धति हीच होय. मोडी लिपीस स्वतःची जागा मिळाली ती त्याहूनही नंतर, जून २०१४ मध्यें.

या नव्या क्रमांकांत विशेष तो काय? आकृति तर दंडासारखीच. विशेष हा कीं, युनिकोडच्या वहींत प्रत्येक क्रमांकापुढें त्याचा स्वभावही लिहिलेला असतो. २४०५ पुढें लिहिलें आहे, ‘हें विरामचिन्ह’. ए८३१ पुढें लिहिलें आहे, ‘ही संख्या, आणि तिची किंमत एक द्वितीयांश’. म्हणजे ‘३’ पुढें दुहेरी दंड घातला तर यंत्र समजतें कीं तीन म्हटलें आणि वाक्य संपलें. अर्ध्याचें चिन्ह घातलें तर त्यास निदान एवढें ठाऊक असतें कीं तिनापुढें आणखी एक संख्या आहे. कागदावर दोहोंत केसाचाही फरक दिसत नाहीं. दोन पालींप्रमाणेंच, नांव सारखें आणि तालुका निराळा.

ही गोष्ट पंडितांच्या वादाची आहे, आमच्या घरास तिचें काय, असें कोणी म्हणेल. त्यांनीं पुढील प्रकार लक्षांत घ्यावा. मावळ हा भातपिकाचा मुलूख. समजा, राजगडाखालच्या पालीकडील एखाद्या घराची जुनी वही कोणीं टंकून काढली, आणि तींत ‘भात ३॥ खंडी’ अशी नोंद आहे. साडेतीन खंडी म्हणजे सत्तर मण. टंकणारास चिन्ह न कळल्यामुळें त्यानें रेघा गाळल्या, तर झाले साठ मण. त्या उभ्या रेघा इंग्रजी एकासारख्या दिसतात म्हणून त्यानें एक-एक असे दोन आंकडे उतरविले, तर झाल्या तीनशें अकरा खंड्या. आणि तेवढें भात आणावयाचें कोठून? पहिली चूक अधिक घातक. कारण तीनशें अकरा पाहून कोणीही दचकेल, पण साठ मण पाहून कोणासही संशय यावयाचा नाहीं.

त्याहून नाजूक प्रकार हिश्श्यांचा. एकत्र कुटुंबांत मिळकतीचा हिस्सा आण्यांत सांगण्याची रीत फार जुनी. चार भाऊ असले तर प्रत्येकाचा चार आणे, म्हणजे एक उभी रेघ. त्यांपैकीं एकाचे पुन्हां चार मुलगे असले तर त्या प्रत्येकाचा एक आणा, म्हणजे एक आडवी रेघ. भाऊ तीन असले तर पांच आणे चार पै. आण्याच्या बारा पै धरल्या तर रुपयाच्या एकशें ब्याण्णव होतात, आणि त्यांस तिहींनीं भागलें असतां बाकी कांहीं उरत नाहीं. शंभर पैशांस तिहींनीं भागून पाहा, म्हणजे भांडणास एक पैसा शिल्लक राहतो! जमिनीच्या जुन्या नोंदींत चाळीस गुंठ्यांचा एकर आणि गुंठ्याचे पुन्हां सोळा आणे अशी मोजणी आढळते. अशा कागदाची नक्कल करतांना ती लहानशी आडवी रेघ जोडरेघ समजून गाळली, तर एका नातवाचा सबंध वांटा कागदावरून नाहींसा होतो. रेघ एक, पण तिच्यामागें एक माणूस आणि त्याची चूल उभी आहे.

आतां यंत्रावर अर्धा किती प्रकारें लिहिला जातो तें पाहा. कोणी दुहेरी दंड घालतो. कोणी एकेरी दंड दोन वेळां दाबतो. कोणी इंग्रजी कळफलकावरील उभी रेघ दोनदां घेतो. कोणी एकाखालीं दोन असा इंग्रजी छापाचा तयार अपूर्णांक घालतो. त्याचा क्रमांक आणखी वेगळा. आणि जाणता असेल तो ए८३१ हें खरें चिन्ह घालतो. पहिले तीन प्रकार आणि पांचवा डोळ्यांस जवळजवळ सारखे. यंत्रास पांचही परके. एका प्रकारें शोध घेतला तर दुसऱ्या प्रकारें लिहिलेलें सांपडत नाहीं. हजार पानांची वही टंकून ठेवावी आणि हवी ती नोंद शोधतांना ‘नाहीं’ असें उत्तर मिळावें, यासारखी निराशा नाहीं. कारण नोंद असते, पण तिला हांक भलत्याच नांवानें मारलेली असते.

मग खरेंच चिन्ह सर्वांनीं कां घालूं नये? अडचण कळफलकाची आहे. रुपयाच्या नव्या चिन्हाची गोष्ट येथें ताडून पाहण्याजोगी आहे. उदयकुमार यांनीं रेखिलेलें तें चिन्ह भारत सरकारनें १५ जुलै २०१० रोजीं स्वीकारलें, त्याच वर्षीं ऑक्टोबरांत त्यास युनिकोडचा क्रमांक मिळाला, आणि पुढें तें कळफलकांवर आणि भ्रमणध्वनींवरही येऊन बसलें. पाव-अर्ध्यास क्रमांक त्यापूर्वीं एक वर्ष मिळाला, पण कळ मिळाली नाहीं. क्रमांक मिळणें म्हणजे बारशाच्या वहींत नांव लागणें. रोजच्या पंक्तींत पान मांडलें जाणें ही गोष्ट वेगळी. तें पान मांडण्यास मागणारीं माणसें लागतात, आणि रुपयास तीं होतीं.

तरी मार्ग अगदींच बंद नाहीं. वर्ड या लेखनाच्या साधनांत ए८३१ हा क्रमांक इंग्रजी अक्षर-अंकांत टंकावा, आणि त्यास लागूनच आल्ट व एक्स या कळा एकदम दाबाव्या. क्रमांक जाऊन त्या जागीं अर्ध्याचें चिन्ह येतें. पडद्यावर पोकळ चौकट उमटली तर घाबरूं नये. क्रमांक बरोबर असतो, फक्त त्या टंकांत ती आकृति नसते, आणि टंक बदलला म्हणजे ती दिसूं लागते. भ्रमणध्वनीवर सहाही चिन्हें एकदां एका टिपणांत साठवून ठेवावीं व लागतील तेव्हां तेथून उचलावीं.

घरच्या वह्या उतरवून घेणारांस आम्ही चार गोष्टी सुचवितों. पहिली ही कीं, मूळ पानाचें छायाचित्र नकलेबरोबर अवश्य ठेवावें. वाचणारा चुकेल, पान चुकत नाहीं. दुसरी, चिन्ह मूळांत जसें आहे तसें उतरवून त्याच्या शेजारीं तें शब्दांतही लिहावें: ‘साडेतीन खंडी’, ‘पांच आणे’. शब्दास दोन तालुके नसतात. तिसरी, मुकाट्यानें दशांशांत रूपांतर करूं नये. सहा आण्यांचे साडेसदतीस पैसे होतात हें गणित बरोबर आहे, पण लिहिणारानें तसें लिहिलेलें नव्हतें; आणि नक्कल म्हणजे लिहिणाराची साक्ष, आपलें गणित नव्हे. चौथी, आरंभींच एका कागदावर नमूद करावें कीं अर्ध्यासाठीं आम्हीं अमुक चिन्ह वापरलें आहे, आणि मग शेवटपर्यंत तेंच वापरावें. एकाच चुकीच्या रीतीनें आरंभापासून अखेरपर्यंत लिहिलेली वही एका दिवसांत सुधारतां येते. पांच रीतींनीं लिहिलेली सुधारतां येत नाहीं. कागद मिळकतीचा अथवा वादाचा असेल तर घरच्या वाचनावर विसंबून न राहतां मोडीच्या जाणकारास दाखवावा, हें सांगावयास नकोच.

हें काम लहान वाटेल, परंतु मोठमोठीं कामें याच वाटेनें झालीं आहेत. राजवाड्यांनीं खेड्यापाड्यांतून दफ्तरें धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापलीं. रियासतकार सरदेसायांच्या देखरेखीखालीं पेशवे दफ्तरांतील वेंचे १९३० पासून पंचेचाळीस भागांत बाहेर पडले. तरी पुण्याच्या पेशवे दफ्तरांत आणि भारत इतिहास संशोधक मंडळांत अद्याप न छापलेल्या कागदांचा डोंगर आहे, आणि घरोघरच्या माळ्यांवर किती असेल त्याचा अंदाज कोणीं करावा! लढायांचीं पत्रें पुढें आलीं. भाताच्या, तेलाच्या आणि मुलीच्या लग्नांतील खर्चाच्या वह्या मागें राहिल्या. आपल्या पूर्वजांनीं काय खाल्लें, कोणास किती दिलें आणि कोणापासून किती घेतलें, हा इतिहास या वह्यांतच आहे, आणि त्याचा अर्धाअधिक अर्थ त्या रेघांत आहे.

यांत यंत्रापेक्षां माणसांची निकड अधिक आहे. १९५७ पूर्वीं शाळेंत गेलेलीं आणि रेघांच्या हिशेबांत वाढलेलीं माणसें आतां पंच्याहत्तरीच्या घरांत किंवा पुढें आहेत. निमकी आणि औटकी ज्यांच्या ओठांवर आहे, वहीचें पान पाहतांच ज्यांस पाव कोठें आणि दंड कोठें हें विचार न करतां कळतें, असा डोळा यापुढें नव्यानें तयार होणें कठीण. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग भरतात, आणि त्यांचा लाभ तरुणांनीं अवश्य घ्यावा; पण घरांतल्या वहीवरचें आपल्याच पणज्याचें वळण ओळखणारी आजी कोणत्याही वर्गांत मिळत नाहीं.

यास्तव आमची वाचकांस विनंति एवढीच कीं, येत्या सुट्टींत माळ्यावरचें एक गांठोडें खालीं काढावें. आजोबांनीं किंवा आजीनें वाचावें, नातवानें टंकावें, आणि सूनबाईंनीं दोघांचा मेळ पडताळून पाहावा. रोज एक पान झालें तरी पुष्कळ. नातू प्रत्येक रेघेपाशीं थांबून ‘ही पाव कीं दंड?’ असें विचारूं लागला, म्हणजे काम योग्य मार्गास लागलें असें समजावें.